अलेप्पीच्या हाउसबोटीवर नाताळ: आधी रात्रीचा काठ ठरवा, मग बोट

केरळातल्या अलेप्पीच्या हाउसबोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला काठाला लागतात आणि सकाळपर्यंत हलत नाहीत. रात्री वेंबनाड सरोवरात आणि त्याच्या फाट्यांत मच्छीमार जाळी टाकतात, त्यांच्या होड्यांवर दिवा असलाच तर जेमतेम, म्हणून हा नियम. घरच्यांना घेऊन बोटीवर नाताळ करायचा असेल तर बेताची सुरुवात इथून करावी. रोषणाई, केक, जेवण, गाणी हे सगळं बोट बांधून ठेवल्यावरच होतं. बहुतेक लोक मात्र बोटीचे फोटो बघून बुकिंग करतात आणि ती रात्री कुठे बांधणार हे विचारतच नाहीत. मग चोवीस तारखेच्या रात्री दहा-बारा बोटी एकमेकींना खेटून उभ्या, शेजारच्या जनरेटरचा धूर आपल्या जेवणाच्या टेबलावर आणि पलीकडच्या बोटीवर मध्यरात्रीपर्यंत स्पीकर, असा नाताळ वाट्याला येतो.

आमची मंडळी आठ, आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत, आणि बोट तीन खोल्यांची. चोवीसला दुपारी बाराला चढणं, पंचवीसला सकाळी नऊला उतरणं. बहुतेक बोटींचा हिशोब हाच असतो. मालकाशी बोलताना चार गोष्टी आधीच स्पष्ट करून घ्याव्यात आणि लेखी, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी, मागाव्यात: रात्री कुठल्या गावाच्या काठाला थांबणार, तिथून चर्च चालत जाण्याच्या अंतरावर आहे का, एसी किती वाजता सुरू आणि बंद होणार, सजावट कोण करणार. साध्या बोटींवर एसी रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच चालतो. ‘ख्रिसमस पॅकेज’ या नावाखाली पुष्कळदा एक कागदी तारा आणि एक छोटा केक एवढंच मिळतं. या आठवड्यात दर नेहमीच्या दीडपट-दुपटीपर्यंत जातात, तेव्हा एवढं विचारायला संकोच कशाला?

चर्चची सोबत हवी असेल तर चंपाकुळम, कैनकरी आणि पुळिंकुन्न ही तीन नावं लक्षात ठेवा. चंपाकुळमचं कल्लूरकाड सेंट मेरीज बॅसिलिका पंपा नदीच्या अगदी काठावर आहे आणि परंपरेनुसार त्याची स्थापना इ.स. ४२७ ची मानतात. कैनकरी हे संत चावरा यांचं जन्मगाव. ते १८०५ मध्ये जन्मले आणि २०१४ मध्ये त्यांना संतपद जाहीर झालं. पुळिंकुन्नचं चर्च पाण्यावरून फार सुंदर दिसतं. अलेप्पीतल्या पुन्नमडा धक्क्याहून निघालेली बोट ताशी आठ-दहा किलोमीटर चालते, जेवणासाठी तासभर थांबते, म्हणजे प्रत्यक्ष चालण्याचे तास जेमतेम चार. चंपाकुळम त्यात बसतं, पण डिझेल जास्त जातं म्हणून काही मालक का-कू करतात. हे पैसे आधीच ठरवून टाका. निघाल्यावर सारंगाला (बोट चालवणाऱ्याला) ‘जरा पुढे न्या की’ म्हणून काही उपयोग होत नाही.

मध्यरात्रीच्या प्रार्थनेची वेळ प्रत्येक चर्चची वेगळी असते, ती त्याच दिवशी सारंगाकरवी फोनवर विचारून घ्या. प्रार्थना मल्याळममध्ये होते. मागच्या बाजूला शांत उभं राहिलं तर कुणी हटकत नाही. बायका डोक्यावर ओढणी किंवा पदर घेतात, आपणही घ्यावा. कम्युनियनच्या रांगेत मात्र उभं राहू नये, तो प्रसाद ख्रिस्ती श्रद्धावंतांसाठीच असतो. बोटीवरून काठावर उतरायला एक अरुंद फळी टाकतात. रात्री दवाने ती निसरडी होते. आजी-आजोबांना नेणार असाल तर खलाशाला दोन्ही बाजूंनी हात द्यायला सांगा आणि टॉर्च प्रत्येकाकडे हवाच.

आता सजावट. हाउसबोट म्हणजे मूळची भातवाहू केट्टुवल्लम. पारंपरिक पद्धतीत आंजिलीच्या लाकडाच्या फळ्या खिळे न मारता काथ्याने शिवायच्या आणि वर बांबू-काथ्याच्या चटयांचं छत. म्हणजे डोक्यावर सगळं जळाऊ सामान आणि मागच्या बाजूला गॅसची शेगडी. मेणबत्ती, पणती, फुलबाजी यांपैकी काहीही नको. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गव्हाणीत खरा पेंढा घालणार असाल तर तिच्यात बॅटरीचाच दिवा ठेवा. चढल्या चढल्या अग्निशामक कुठे आहे ते बघून मोठ्या माणसांना दाखवून ठेवा.

सामान इथून न्यायची गरज नाही. अलेप्पीतल्या मुल्लक्कल रस्त्यावर डिसेंबरच्या उत्तरार्धात देवीच्या मंदिराचा चिरप्पू उत्सव असतो, त्यामुळे दुतर्फा दुकानं लागलेली असतात आणि कागदी तारे, एलईडीच्या माळा, छोटी झाडं सगळं तिथेच मिळतं. हिंदू देवीच्या जत्रेत नाताळचे तारे विकत घ्यायचे, हे अलेप्पीत कुणाला वावगं वाटत नाही. फक्त संध्याकाळी त्या रस्त्याने गाडी नेऊ नका. सकाळी दहाच्या आत खरेदी उरकली की बाराच्या बोटीला वेळेवर पोचता येतं.

तीन खोल्यांच्या बोटीला पुढच्या बैठकीसाठी दोन मोठे तारे, दहा मीटरच्या चार माळा, दोन फुटी झाड आणि पाव किलो सुतळी पुरते. चिकटपट्टी काथ्याच्या चटईवर टिकत नाही, धुळीने आणि दमटपणाने तासाभरात सुटते. खिळे-पिना छताला लावू नका, भोकातून पावसाळ्यात गळतं आणि मालक भरपाई मागतो. खांबाला आणि बांबूला सुतळी किंवा केबल टाय, बस्स. चालत्या बोटीवर वाऱ्याने कागदी तारे फाटतात, म्हणून ते घडी करूनच ठेवा आणि बोट बांधल्यावर उघडा. लावताना छताच्या कडेपासून दीड-दोन हात आत लावा, कारण पहाटेच्या दवात कागद भिजून लोंबतो. झाडाच्या बुंध्याशी पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या बांधा आणि वरून खांबाला एक दोरी. शेजारून दुसरी बोट गेली की लाटेचा धक्का चांगलाच बसतो. सारंगाच्या समोर काहीही टांगू नये, हे सांगायला नकोच, पण मुलं नेमकं तिथेच टांगतात.

दिव्यांच्या रंगाचं एक पथ्य आहे. बोटीच्या बाहेरच्या कडांना लाल आणि हिरव्या माळा लावू नयेत. जलवाहतुकीत डाव्या बाजूचा लाल आणि उजव्या बाजूचा हिरवा दिवा ही चालत्या बोटीची खूण असते, त्यामुळे अंधारातून येणाऱ्या होडीवाल्याचा गोंधळ होतो. बाहेर पिवळ्या माळा, लाल-हिरवं काय ते आत. काठाला बांधलेल्या बोटीचा स्वतःचा पांढरा दिवा सजावटीने झाकला जाणार नाही हेही पाहा.

विजेचं गणित सोपं आहे, पण बिघडतं नेमकं तेच. जनरेटर बंद असताना पंखे आणि दिवे इन्व्हर्टरवर चालतात. एलईडीची माळ दहा वॅटच्या आसपास घेते, तेव्हा चार-पाच माळांनी काही होत नाही. पण कुणी १५०० वॅटची किटली किंवा केसांचा ड्रायर लावला की सगळी बोट अंधारात. चहा स्वयंपाकघरातूनच मागवा. एकाच एक्स्टेन्शनला माळा, चार्जर, स्पीकर सगळं जोडू नका आणि जोड पाण्याच्या बाजूला लोंबकळत ठेवू नका. खोली वाटताना मागच्या खोल्या तरुणांना द्या, तिथे इंजिन आणि जनरेटरचा आवाज सर्वात जास्त येतो.

सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो आणि पुढचा तासभर भातशेतीतले किडे दिव्यावर तुटून पडतात. कुट्टनाडची शेती समुद्रसपाटीच्या खाली, डिसेंबरात खाचरांतून पाणी उपसून भात पेरलेला, त्यामुळे किडे भरपूर. उपाय असा: आधी फक्त बोटीच्या टोकावरचा तारा पेटवायचा, जेवणाच्या टेबलावरचे दिवे साडेसातनंतर. किडे टोकाकडे जातात आणि ताटात पडत नाहीत. डासांसाठी मलम हवंच.

जेवणाचं आदल्या आठवड्यात ठरवा. इथले सीरियन ख्रिस्ती (केरळातला जुना ख्रिस्ती समाज) लोक १ ते २४ डिसेंबर नोंबू म्हणजे उपवास पाळतात, मांस-मासे वर्ज्य. तो पंचवीसच्या पहाटे सुटतो, म्हणून नाताळची खरी मेजवानी सकाळची न्याहारी: अप्पम आणि कोंबडीचा किंवा मटणाचा स्ट्यू. बोटीच्या नेहमीच्या न्याहारीत इडली किंवा पुरी-भाजी येते, त्यामुळे अप्पम-स्ट्यू हवा असेल तर चोवीसच्या सकाळपर्यंत सांगावं लागतं, अप्पमचं पीठ रात्रभर आंबायला हवं. कुट्टनाडचं बदकाचं रोस्ट प्रसिद्ध आहे, पण या भागात हिवाळ्यात बर्ड फ्लूची साथ अनेकदा आली आहे आणि तेव्हा विक्रीवर बंदी येते. बदक नाही मिळालं तर करिमीन मासा, हे आधीच ठरलेलं असू द्या.

दुपारी बोट माशांच्या एखाद्या टपरीपाशी थांबवतात. मोठी कोळंबी बघून मोह होतो, तेव्हा आधी वजन, मग किलोचा भाव, मग शिजवायचे पैसे वेगळे का, या क्रमाने विचारा. पांढरा भात मागितला नाही तर जाड लाल मट्टा तांदळाचा येतो. मुलांसाठी पांढरा सांगून ठेवा. खोबरेल तेलाचा वास कुणाला चालत नसेल तर अर्धा लिटर शेंगदाणा तेल बरोबर न्या, कुक आनंदाने वापरतो. नाताळ काही वर्षी मार्गशीर्षात येतो. घरात गुरुवार पाळणारं कुणी असेल तर त्यांचं ताट वेगळ्या भांड्यात करायला स्पष्ट सांगावं, कारण ‘व्हेज’ म्हटल्यावर माशाच्या कढईतलीच भाजी येऊ शकते. केक अलेप्पीच्या बेकरीतला प्लम केक घ्यावा, दोन दिवस बाहेर राहिला तरी काही होत नाही. क्रीमचा केक बोटीच्या छोट्या फ्रिजमध्ये मावत नाही आणि बाहेर वितळतो.

मुलांची लाइफ जॅकेटं मापाची आहेत का, हे पैसे देण्याआधी अंगात घालून बघा. मलप्पुरममध्ये तानूर इथे ७ मे २०२३ रोजी क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली प्रवासी बोट उलटून २२ जण गेले. नोंदणी आणि प्रवासी-क्षमतेचा कागद मागायला लाजू नये, चांगला मालक आपणहून दाखवतो. वरचा मजला असलेली बोट फोटोला छान, पण लहान मुलं असतील तर टाळावी. पाण्यात पोहणं, पाय सोडून बसणं नको. पाणी दिसायला शांत असलं तरी सांडपाण्याने दूषित आहे.

वाटेत बोट अचानक थांबली तर घाबरू नका, बहुधा इंजिनाच्या पंख्यात जलपर्णी अडकलेली असते. वेंबनाडवरच्या तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्याची दारं साधारण डिसेंबरच्या मध्याला लावतात, म्हणजे भाताला खारं पाणी लागत नाही. पण मग जलपर्णीला मारणारं खारं पाणीही येत नाही आणि अरुंद कालवे तिने भरतात. खलाशी खाली वाकून ती काढतो, दहा-पंधरा मिनिटं जातात. अरुंद कालवे बघायचे असतील तर हाउसबोटीचा हट्ट नको, काठावरून तासाभरासाठी छोटी शिकारा घ्या.

सारंग, खलाशी आणि कुक या बोटीवरच्या तिघा कामगारांच्या घरीही नाताळ असतो, हे विसरायला होतं. तिघांपैकी एखाद्याला रात्रीच्या प्रार्थनेला जायचं असतं, तेव्हा जेवण साडेआठला उरका. बक्षिसी उतरताना तिघांना वेगवेगळी द्या. रात्री गावातली कॅरलवाली पोरं आली तर सुट्टे पैसे जवळ असू द्यावेत.

पंचवीसला सकाळी सातपासून सजावट उतरवायला घ्या, सुतळीचे तुकडेसुद्धा वेचा. पाण्यात गेलेला केबल टाय पंख्यातच अडकतो. चमकी, थर्मोकोल आणि फुगे आणूच नका.

येण्याजाण्याचं: मुंबईहून थेट अलेप्पीला नेत्रावती एक्स्प्रेस आहे, पण ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचते. त्याच दिवशीची बोट धरू नका, एक रात्र गावात काढा. विमानाने कोचीला उतरलात तर विमानतळापासून अलेप्पी ८५ किलोमीटरच्या आसपास, गर्दीत अडीच तास धरा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. परतीचं तिकीटही त्याचं आरक्षण उघडेल त्या सकाळीच काढून टाका, कारण २६-२७ डिसेंबरच्या सुमारास शबरीमलाची मंडलपूजा संपते आणि नाताळच्या सुट्टीवाल्यांबरोबर भाविकांचीही परतीची गर्दी त्याच गाड्यांना असते.