पोवाड्याचा भाग 3 आणि 4

पुण्याच्या जुन्या बाजारात सिनेमाच्या एलपी रेकॉर्डी प्लास्टिकमध्ये घालून दर्शनी मांडलेल्या असतात. पोवाडे, भारुडं, कोळीगीतं मात्र खाली गोणपाटावर, नळाच्या तोट्या आणि गंजलेल्या कुलपांच्या शेजारी. आणि जवळच्या चौकाला नाव शाहीर अमर शेखांचं! तिथेच मला अफजलखानाच्या वधाच्या पोवाड्याची 78 आरपीएमची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी जुनी तबकडी मिळाली. लेबलवरचं शाहिराचं नाव खरवडलेलं, पुढचं फक्त 'आणि पार्टी' शाबूत. एका बाजूला भाग 1, दुसऱ्या बाजूला भाग 2.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूत जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. रात्र रंगवणारा पोवाडा त्यात कोंबायचा म्हणजे शाहीर घाईत, मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांचं 'जी जी जी' आखडतं, आणि मधलं गद्य, म्हणजे खरं तर पोवाड्याचा जीव, जवळपास गायब. तरी आवाज असा खडा की डफाची थापसुद्धा मागे पडते. भाग 2 संपतो तेव्हा खान वाईला तळ ठोकून बसलेला असतो. पुढचं ऐकायला दुसरी तबकडी हवी.

लेबलवरचा नंबर मी कागदावर लिहून पाकिटात ठेवला. एकाच पोवाड्याच्या तबकड्यांना बहुधा लागोपाठचे नंबर देत, म्हणून त्याच्या पुढचाच नंबर शोधायचा. मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानदाराने कागद पाहिला आणि हसला. "साहेब, लता घ्या, किशोर घ्या. हे कोण ऐकतंय?" कोल्हापूर, सातारा, ओळखीचे भंगारवाले, सगळं झालं. या रेकॉर्डी लाखेच्या, हातातून पडली की तुकडे. शिवाय चावीच्या फोनोवर लोखंडी पिन घासून घासून खाचा झिजलेल्या. लोकांना आवडलेली रेकॉर्डच आज सर्वांत वाईट अवस्थेत सापडते.

शेवटी जुन्या बाजारातल्याच विक्रेत्याचा फोन आला. कुठला तरी वाडा रिकामा झाला होता, त्यातला गठ्ठा त्याच्याकडे आला होता. मडकं वाजवून घेतात तशी मी तबकडी नखाने वाजवून पाहिली. आवाज बद्द आला, म्हणजे तडा आहे. उजेडात धरल्यावर केसाएवढी रेघ दिसली. पण नंबर तोच! भावात घासाघीस करायचं भान मला राहिलं नाही, आणि त्याला ते बरोबर कळलं.

धुण्याबाबत एकच गोष्ट ठासून सांगतो. लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. व्हिनाइलसाठी, म्हणजे एलपीसारख्या प्लास्टिकच्या रेकॉर्डींसाठी मिळणाऱ्या बऱ्याच द्रावणांतही ते असतं, तेव्हा बाटलीवरचं वाचून घ्या. मी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घेतो, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, आणि मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने फिरवतो. लेबल कोरडं राहिलं पाहिजे.

सुईही वेगळी लागते. 78च्या खाचा रुंद असतात. एलपीची बारीक सुई त्यांच्या तळाशी जाऊन बसते आणि शाहिराऐवजी नुसती खरखर ऐकवते. माझ्या जुन्या प्लेअरच्या कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या डबीला, दोन सुया आहेत, छोटी दांडी फिरवली की 78ची पुढे येते. ज्यांच्या प्लेअरवर 78चा वेगच नाही, त्यांनी 45वर वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावं आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग वाढवावा. काम भागतं.

तड्यावरून सुई गेली की 'टक' होतं. मिनिटाला 78 वेळा. पहिल्यांदा वैताग आला, नंतर डफाच्या नादात ते चालून गेलं. कॉम्प्युटरवर ते टक एकेक करून काढता येतात, मी निम्मे काढले आणि कंटाळलो.

भाग 3मध्ये वकिलांच्या खेपा. भाग 4मध्ये महाराज चिलखत चढवतात, गड उतरतात, शामियान्याच्या दारात पोचतात, आणि 'जी जी जी' होऊन तबकडी संपते. खान अजून जिवंत आहे. पाकिटातल्या कागदावर आता त्याच्याही पुढचा नंबर लिहिलाय.