पोर्ट गेलं म्हणजे नक्की काय गेलं?

मे महिन्यात मालवणला गेले होते, तिथे मोबाईल चार्ज होईना. खारी हवा, त्यात चिवल्याच्या वाळूत दोन दिवस लोळलेला फोन, दुसरं काय होणार. बाजारातल्या रिपेअरवाल्या पोराने टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, ताई पोर्ट गेलंय. घरी येऊन तेच सांगितलं तर आप्पा (माझे मामेसासरे, उभी हयात मालवाहू बोटींवर काढलेली) हसायलाच लागले. "आमच्या बोटीर पोर्ट म्हणजे डावी बाजू. तुज्या मोबाईलाची डावी बाजू गेली काय?"

झालं, मग रात्रभर तेच डोक्यात. पोर्ट म्हणजे बंदर हे माहीत होतं, पण डावी बाजू कशी काय? तर आप्पांनी सांगितलेलं आणि नंतर मी वाचलेलं जुळलं. पूर्वी युरोपातल्या जहाजांना मागे मधोमध सुकाणू नसायचं, उजव्या अंगाला एक मोठं वल्हं असायचं दिशा द्यायला, म्हणून ती बाजू 'स्टिअर-बोर्ड', त्याचंच पुढे स्टारबोर्ड झालं. आता धक्क्याला लावताना ते वल्हं चेपायला नको म्हणून जहाज डाव्या अंगानेच लावायचे, म्हणजे डावी बाजू बंदराकडे. तरी तिचं जुनं नाव लारबोर्ड होतं. वादळात कोणी लारबोर्ड ओरडला की स्टारबोर्ड हे कळायची मारामार, म्हणून शेवटी १८४४ साली ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून लारबोर्ड बंद केलं आणि पोर्ट पक्कं केलं.

आणि ते 'पॉश' म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची आद्याक्षरं, हिंदुस्थानात येताना पोर्टची, परत जाताना स्टारबोर्डची सावलीतली केबिन, ही गोष्ट मी स्वतः चार लोकांना ऐकवलीय. थाप आहे. तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही.

बरं, मोबाईलचं पोर्ट बंदरातलं नाहीच मुळी! लॅटिनमध्ये बंदराला 'पोर्टुस' आणि दाराला 'पोर्टा', त्या दारातून ते आलंय. जहाजाच्या भिंतीत तोफेचं तोंड बाहेर काढायला जी झडप असायची तीही पोर्टच, पोर्टहोल तिथलंच. आणि आपण नंबर पोर्ट करतो (२०११ पासून देशभर करता येतो) ते तिसरंच, 'पोर्टारे' म्हणजे वाहून नेणे, त्यातून पोर्टेबल, आणि आपल्या हमालाचा पोर्टर. आणखी मागे गेलं तर तिन्हींचं मूळ एकच मानतात, पलीकडे जाणे अशा अर्थाचं. म्हणजे भावंडंच, फक्त वाटण्या झालेली. आणि 'ऑपॉर्च्युनिटी' पण ह्याच घरातली, बंदराकडे नेणारा वारा म्हणजे संधी! शिडाच्या होडीत बसलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

गोव्याहून येणारी ती गोड पोर्ट वाईन राहिलीच. ते पोर्तुगालमधल्या पोर्तु शहराचं नाव, आणि पोर्तु म्हणजे काय? बंदर. फिरून परत तिथेच.

आपल्या 'बंदर'ची मात्र वेगळीच गंमत. आपलं फारसीतून आलेलं, हिंदीतलं वानरावरून, नात्याचा काही संबंध नाही. मालवणच्या बंदर जेटीवर एक दिल्लीकडची मुलगी आईला विचारत होती, इथे बंदर कुठे आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीची तिकीटं हातात धरून.

शेवटच्या दिवशी अंधार पडल्यावर आप्पांबरोबर जेटीवर गेले. लांबून एक बोट येत होती, पुढे दोन दिवे, एक लाल, एक हिरवा. पोर्टला लाल दिवा असतो हे नवीन नवीन शिकलेलं, म्हणून मी लगेच शहाणपणा केला, आप्पा, हिने दिवे उलटे लावलेत, लाल तर उजवीकडे दिसतोय.

आप्पा म्हणाले, "उलटे नाय गो. ती घराक येता हा, तोंड आपल्याकडे आसा."