पॅरालिसिसनंतर पुन्हा चालताना

गेल्या वर्षी उत्तरायणाच्या आदल्या दिवशी दूध उतरवताना डाव्या हातातून सांडशी सुटली आणि मी ओट्याला धरून खाली बसले. तोंड वाकडं झालेलं पाहून ह्यांनी लगेच रिक्षा बोलावली. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते मला मिळालं. जीव वाचला, बोलणं सुधारलं, पण डावा पाय फरफटतच राहिला.

घरी आल्यावर एका ओळखीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ‘तेल लावा, आराम करा.’ तीन आठवडे मी पडून मालीश करून घेतलं. त्या तीन आठवड्यांची हळहळ अजून वाटते. मेंदू नव्याने शिकतो तो या सुरुवातीच्या महिन्यांतच सगळ्यात भराभर.

मग आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी फिजिओ यायला लागली. गुजराती मुलगी, मला ‘माशी’ म्हणजे मावशी म्हणते. पहिल्याच दिवशी तिने पलंगावरून उठवून खुर्चीत बसवलं. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, उजवं डाव्यापेक्षा थोडं पुढे. मग पुढे वाकून हात न टेकता उभं राहायचं. उजवं पुढे ठेवलं की भार आपोआप डाव्यावर येतो. पाच वेळा उठले आणि घामाघूम झाले. दीड महिन्याने रोजचे पन्नास होत होते. ओसरीतल्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर मात्र बसायला तिने सक्त मनाई केली होती. बूड टेकायच्या आत तो मागे सरकला तर?

खरी अडचण पावलाची होती. ते लोंबायचं, बोटं फरशीला अडकायची, म्हणून पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून टाकायची सवय लागली. त्यासाठी बुटात स्प्लिंट, म्हणजे पाऊल लोंबू न देणारी आधाराची पट्टी आली. सुनेने बोळात खडूने वीतभर अंतरावर आडव्या रेघा मारून दिल्या. रोज सकाळ-संध्याकाळ रेघेपलीकडे पाऊल टाकायचं आणि मागून आवाज यायचा, ‘पहेला एडी, माशी, पछी पंजो!’ म्हणजे आधी टाच, मग पंजा. काठी उजव्या हातात धरायची, हे घरातल्या कुणालाच पटेना. दुबळ्या बाजूलाच आधार हवा, असं सगळ्यांना वाटायचं. पण काठी चांगल्या हातात असली की दुबळा पाय टाकताना तीही पुढे जाते आणि त्याचा भार वाटून घेते. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा आधी.

चालता चालता बोलणं सगळ्यात अवघड गेलं. ती मुद्दाम बाविसाचा पाढा म्हणायला लावायची. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी म्हणेपर्यंत पाऊल जागीच थांबायचं. पण रस्त्यावर हॉर्न वाजतात, माणसं हाका मारतात, म्हणून तेही शिकणं भाग होतं.

दहा मीटर चालायला सुरुवातीला 34 सेकंद लागले होते. गणपतीत 13 लागले. बाप्पाला निरोप दिल्यावर दोन दिवसांनी ह्यांच्याबरोबर सूरसागर तलावापर्यंत गेले, कठड्याशी थोडा वेळ टेकले आणि पायीच परत आले.

बीपीची गोळी रोज चालू आहे, स्प्लिंट फक्त बाहेर जाताना. संध्याकाळी चहा घेऊन हिंचक्यावर बसते. जमिनीला रेटा डाव्या पायानेच देते, पंजाने.