पिशवी काढायच्या आधी

"वय ४१, दोन लेकरं झालेली. आता गर्भाची पिशवी ठेवून करायचं काय?" सोनोग्राफीची फिल्म उजेडाकडं धरून डॉक्टरांनी एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाटही बघितली नाही. परवा ॲडमिट व्हा, पैशाची सोय करा, उशीर झाला तर कॅन्सरची भीती आहे. खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत पाच मिनिटं झाली असतील-नसतील.

त्रास खोटा नव्हता. आठ महिन्यांपासून पाळी आठ-दहा दिवस चालायची, रक्ताच्या गाठी पडायच्या, मशीनवरून उठलं की डोळ्यांपुढं अंधारी. केज तालुक्यात माझं शिलाईचं छोटं दुकान आहे. लग्नसराईत स्टुलावर काळं कापड घालून बसायचे, बाकीचं बायकांना कळेल.

आत्याबाई म्हणाल्या, "काढून टाक बाई, दर महिन्याची कटकट तरी जाईल." त्यांना दोष देत नाही. आमच्या बीड जिल्ह्यात पिशवी काढणं म्हणजे दाढ काढल्यासारखं झालं होतं. २०१९ साली सरकारी समितीसाठी ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. माझी धाकटी मावशी ऊसतोडीचीच. एक खाडा झाला की मुकादम पैसे कापायचा, पाळीत फडात कोयता चालवणं होईना, म्हणून २८ व्या वर्षी काढून घेतली. दोन वर्षांत अंगातून वाफा निघायला लागल्या, कंबर गेली. पिशवीबरोबर अंडाशयं काढली की ठेवली, हे तिला आजही सांगता येत नाही. कागदच दिला नव्हता.

मावशीची कंबर रोज डोळ्यांपुढं असल्यामुळं 'परवा' गेले नाही.

दुसरी डॉक्टर शोधायची तर कुठं? ब्लाउजचं माप घेताना बायका जे बोलतात ते नवऱ्यालाही सांगत नसतील. त्या आठवड्यात माप द्यायला येईल तिला विचारत सुटले. आधी विचारायचे, "कोणती डॉक्टर चांगली?" त्यावर सगळ्यांचं एकच, "स्वभाव लई चांगला हाय." त्याचा काय उपयोग? मग प्रश्न बदलला. "पहिल्यांदा गेलीस तेव्हा काय काय विचारलं तिनं?" इथं डॉक्टर-डॉक्टरमधला फरक कळायला लागला. एकीला फक्त लेकरं किती एवढंच विचारलेलं. दुसरीच्या पिशवीतली गाठ नारळाएवढी होती, तिची पिशवी खरंच काढावी लागली. पण तिला रक्त, बायोप्सी म्हणजे तुकडा काढून तपासणं, सगळं करूनच टेबलावर घेतलं, आज ती ठणठणीत आहे. तिच्यासह तिघींनी अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजमधल्या एकाच बाईंचं नाव घेतलं. तिघी वेगवेगळ्या गावच्या, एकमेकींना ओळखतही नव्हत्या.

याच दिवसांत पहिल्या दवाखान्याची चिठ्ठी नीट वाचली. स्त्रीरोगतज्ज्ञाच्या नावापुढं एम.डी., एम.एस., डी.एन.बी. नाहीतर डी.जी.ओ. असतं. इथं यातलं काहीच नव्हतं. ऑपरेशनला सर्जन बाहेरून येणार होते. ही चिठ्ठी इतके दिवस माझ्याच पर्समध्ये होती! आमच्या आरोग्यसेविका आशाताईंनी आणखी एक सांगितलं, २०१९ च्या प्रकरणानंतर बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते असा नियम झालाय. मी फोन करून परवानगीचं विचारलं. "ते आम्ही बघतो, तुम्ही या." मी गेले, पण फक्त सोनोग्राफीचा रिपोर्ट मागून घ्यायला.

अंबाजोगाईला सकाळच्या एस.टी.नं गेले, केसपेपर काढला. बाईंनी आधी फिल्म बघितलीच नाही. पाळी किती दिवस, दिवसाला किती पॅड, गाठी केवढ्या, वजन वाढलं का, केस गळतात का, थंडी जास्त वाजते का, घरात कुणाला थायरॉईड आहे का. मी मनात म्हटलं, केसांचा आणि पिशवीचा काय संबंध? मग आतून तपासणी, पॅप स्मिअर म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी, रक्त. वय चाळिशीच्या पुढं आणि अस्तर जाड दिसतंय म्हणून पिशवीच्या अस्तराचा तुकडाही तपासायला घेतला. ते दुखतं, दुखत नाही म्हणणार नाही. पण दोन-तीन मिनिटांचं काम.

हिमोग्लोबिन ७.४ निघालं. बायकांमध्ये ते १२ तरी हवं. या रक्तावर परवा ऑपरेशन होणार होतं! तुकड्यात कॅन्सर नव्हता. सोनोग्राफीतली गाठ दोन सेंटिमीटरची, अशा लहान गाठी कितीतरी जणींना असतात आणि कळतही नाहीत. आणि थायरॉईड बिघडलेलं होतं. ते कमी पडलं की अंगावरून जास्त जाऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. केसांचा संबंध असा होता.

सलाईनमधून लोहाची इंजेक्शनं झाली. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी सुरू केली. पाळीत जास्त जाईल त्या दिवसांपुरत्या वेगळ्या गोळ्या. लोहाची गोळी थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांनी, आणि तिच्यावर लगेच चहा नाही. शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. यानं भागलं नाही तर हार्मोन सोडणारी, तांबीसारखी वस्तू बसवता येते, आणि पिशवी काढणं त्याच्याही पुढं, असं बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं.

पाचव्या महिन्यात पाळी पाच दिवसांवर आली. हिमोग्लोबिन ११.३ आहे, गोळ्या चालूच आहेत. पुढच्या तपासणीला मावशीला सोबत नेऊन तिची हाडं दाखवायचीत. तिला दोनदा विचारलं. म्हणती, "आता नगं, पट्टा पडल्यावर जाऊ." म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर.