फुलं धुवायची नाहीत

चाळणी नळाखाली धरली आणि शेजारच्या आजीबाई जवळजवळ ओरडल्याच, "धुवू नकोस!"

एल्डरफ्लॉवरचे, म्हणजे एल्डर नावाच्या झुडपाच्या फुलांचे १५ तुरे. इथे इंग्लंडात जूनमध्ये कुंपणाकुंपणाला फुलतात. साखर, लिंबू, पाणी आणि हे तुरे. ४-५ दिवसांत हे पेय आपोआप फसफसतं. यीस्ट फुलांवरच असतं, धुतलं की गेलं. किडे फक्त झटकायचे. (मी दोनदा झटकले.)

कोथिंबीर तीन पाण्यांतून काढणारी मी!

आईला फोनवर सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मग आसवात धायटीची फुलं कशाला घालतात, वाटलं तुला?"

घरात द्राक्षासवाची, म्हणजे द्राक्षं आंबवून केलेल्या आयुर्वेदिक औषधाची, बाटली कायम असायची. ते आंबतं कशामुळे, हे कधी विचारलंच नाही मी.

आज झाकण सैल केलं, तर केवढ्यानं फुस्स! सिंकभर फेस. तुमच्याकडे कुणी घरी आसव घालायचं का?