आत्याचं कपाट: दंडघेर १७ इंच

गुडघ्याच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. आत्यानं ते खरंच उतरवलं आणि डोंबिवलीच्या घरातलं एक अख्खं कपाट बिनकामाचं झालं. लग्नाकार्याचे १४ नग. बोहारणीला द्यायचं तिच्या जिवावर आलं. माझा जुने कपडे ऑनलाइन विकायचा नाद तिला माहीत, म्हणून फोन मला. वर अट: "विक, पण माझ्यासारखीलाच विक. 'तुमच्या मापात नाही हो' ऐकून दुकानातून परत आलेली असेल, तिला."

आतापर्यंत मी माझ्याच मीडियम कुर्त्या विकलेल्या. म्हटलं, थ्री एक्सएल लिहिलं की झालं. तिथेच फसले.

पितृपक्षात कुणी सणाचे कपडे घेत नाही, म्हणून तो पंधरवडा साफसफाईला ठेवला. डांबरगोळ्यांचा वास जायला चार दिवस सावलीत, वाऱ्यावर. उन्हात टाकू नका, रेशमाचा रंग उडतो. जरीकाम काळं पडलेलं होतं तिथे हात लावला नाही. लिंबू-टूथपेस्टचे उपाय सांगणारे खूप भेटतात, पण घासलं की मुलामाच निघतो. साड्या घडीवर चिरल्यात का ते उजेडासमोर धरून पाहिलं. एक चिरलेली निघाली, ती बाजूला.

एक धक्का पैठणीचा. उलटी करून पाहिली तर पदरावरच्या मोरांमागे मोकळे धागे कापलेले. हातमागावरच्या खऱ्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, तिथे असे धागे लोंबत नाहीत. आत्याला सांगताना जीभ जड झाली. ती म्हणाली, "माहितीये गं मला. तुझ्या काकांना माहीत नव्हतं." जाहिरातीत सरळ 'सेमी पैठणी' लिहिलं.

नवरात्रात पहिले सहा नग टाकले. दिवसभर मेसेज, विक्री शून्य. प्रत्येकीचा प्रश्न तोच: "ताई, हातात जाईल का?" छाती-कंबर मी दिली होती, दंडाचं कुणी सांगतच नाही. थ्री एक्सएल एका कंपनीचं ४६ तर दुसरीचं ४८, आणि बाही दोघांचीही काटकुळी. मग टेप घेऊन सगळं पुन्हा मोजलं: छाती, कंबर, सीट, मुंढा (बाही जोडतात तिथला घेर), दंडघेर, उंची. कपडा सपाट पसरून मोजलं तर दुप्पट करायला विसरू नका; मी एका अनारकलीला विसरले आणि २३ इंच छाती जाहीर केली. साड्यांचंही तसंच. साडेपाच मीटरची साडी मोठ्या अंगाला नेसली की निऱ्या तीन-चारच येतात, म्हणून लांबीसुद्धा मोजून लिहा.

खरी गंमत आतल्या मायेत, म्हणजे शिवणीत दुमडून ठेवलेल्या जास्तीच्या कापडात आहे. आत्याच्या शिंप्यानं प्रत्येक ब्लाउजला बगलेखाली दीड-दोन इंच माया सोडलेली. दोन्ही बाजूंची शिवण एकेक इंच उसवली की घेर चार इंचांनी वाढतो, कारण पुढचा आणि मागचा असे दोन्ही भाग सुटतात. म्हणजे ४४ चा ब्लाउज ४८ पर्यंत जाऊ शकतो. पण हे लिहिण्याआधी आत बघा. नारायणपेठच्या ब्लाउजची माया गर्द जांभळी निघाली आणि बाहेरचं कापड घामानं विटलेलं. उसवलं तर पट्टा दिसणारच. दोन्ही रंग एका फोटोत शेजारी ठेवून दाखवले. घेणारीनं त्यावर एक अक्षर काढलं नाही.

फोटोंचं मात्र रडगाणं. माझी डमी ३६ ची. मागून पिना मारल्या की आत्याचा अनारकली गोणपाट दिसायचा. शेवटी डमीला पोटाशी उशी बांधली, दंडांना जुन्या ओढण्या गुंडाळल्या, वर नऊवारी चढवली. शिवलेली नऊवारी म्हणजे सीटचं माप चुकलं की खेळ खलास, त्यामुळे तिचा फोटो भरलेल्या अंगावरच हवा. आत्या चहा घेऊन आली, दारातच थांबली. डमीभोवती एक फेरी मारली. "पोट एवढं नव्हतं हं माझं," म्हणाली आणि उशी काढून तिथे घडी केलेला टॉवेल खोचला. नंतर थोडं थांबून उशी परत घातली. त्या फोटोवर नऊवारी दोन दिवसांत गेली.

माझी एक चूक. एका बाईंना मरून रंगाचा अनारकली कापायला हवा होता. घेर मोठा, दोन मुलींची परकर-पोलकी होतील म्हणाल्या. मी १५०० लावले होते, त्या २२०० द्यायला तयार. आत्याची अट आठवून मी परस्पर नाही म्हटलं, वर मोठ्या तोऱ्यात. आत्याला सांगितलं तर तिचा चेहरा पडला. "अगं, माझ्या आईच्या लुगड्यांची मी परकर-पोलकी घातलीत! मला विचारायचंस तरी." परत मेसेज केला तोवर त्यांनी दुसरीकडून कापड घेतलं होतं.

क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करा, पैसे जमा होतील" म्हणणारे दोघे येऊन गेले. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

तुळशीच्या लग्नापर्यंतचा हिशेब: नऊवारी १८००, नारायणपेठ २५००, सेमी पैठणी १६००, दोन अनारकली मिळून २६००, एक पंजाबी ड्रेस ९००. एकूण ९४००. ड्रायक्लीन, पिशव्या आणि पोस्ट यांत १७७० गेले.

सेमी पैठणीवाली कल्याणहून घरीच आली. आतल्या खोलीत ब्लाउज घालून पाहिला, बाहेर येऊन आधी हात वर केला, मग खाली, मग पुन्हा वर. "कुठे अडत नाही हो," म्हणाली आणि शिंप्याचा नंबर मागितला. शिंपी केव्हाच गावाला गेला. आत्यानं तिला पोहे खायला बसवलं आणि दोघी दंडघेरावर तासभर बोलल्या. भाव करायचा राहूनच गेला.

आठ नग उरलेत. मरून अनारकली त्यातच आहे, आता ११०० ला. ब्रोकेडच्या जॅकेटचे फोटो पुन्हा काढायचेत, पण उशी सध्या आत्याच्या गुडघ्याखाली आहे.