गनवर १.९६ आलं, आता पुढे काय?

साइटवर अलॉय चेक करायला गेलं की मशीन कमी आणि माणसंच जास्त हँडल करावी लागतात. एक्सआरएफ गन म्हणजे एक्स-रे मारून धातूत कुठला घटक किती टक्के आहे ते सांगणारं हातातलं मशीन. तिचा ट्रिगर दाबला की काही सेकंदांत आकडे समोर, वरती ग्रेडचं नावपण येतं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं झालं काम. भांडण सुरू होतं ते तिथूनच.

नेहमीचं उदाहरण घ्या. ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा फ्लँज (पाइप जोडायची चकती), मॉलिब्डेनम पाहिजे २ ते ३ टक्के, आणि स्क्रीनवर दिसतंय १.९६. इन्स्पेक्टर लगेच मोबाइल काढून स्क्रीनचा फोटो घेतो, वेंडरचा माणूस टीसी (मिलचं टेस्ट सर्टिफिकेट) उघडून २.०३ वर बोट ठेवतो, मग दोघं माझ्याकडे बघतात. आणि माझं उत्तर दोघांनाही आवडत नाही, कारण दोन्ही आकडे खरे असू शकतात. १.९६ च्या शेजारी बारीक अक्षरात ±०.०५ असं काहीतरी, म्हणजे आकडा साधारण एवढा खाली-वर असू शकतो, हे लिहिलेलं असतं (फोटोत नेमकं तेच कापलं जातं), आणि टीसीवरचा आकडा असतो भट्टीतल्या वितळलेल्या धातूच्या सॅम्पलचा, तयार पीसच्या एका ठिपक्याचा नाही. म्हणून तर स्टँडर्डमध्येच तयार मालासाठी मर्यादेच्या थोडं खाली-वर चालेल अशी सूट वेगळी दिलेली असते, फक्त ते पान कोणी उघडत नाही. त्यात मॉलिब्डेनम महाग, त्यामुळे मिलवाले २ च्या जरासंच वर ठेवतात, म्हणजे असले काठावरचे आकडे येणारच, त्यात लबाडी असेलच असं नाही.

अशा वेळी मी आधी वाद बाजूला ठेवतो आणि बॅगेतला सर्टिफाइड पीस काढतो, ज्याचं कंपोझिशन आधीच पक्कं माहीत आहे तो. दोघांच्या समोर त्याच्यावर गन लावायची. तिथे आकडा बरोबर आला तर "तुमचं मशीनच खराब आहे" हे वाक्य संपतं, आणि चुकला तर मी गन बॅगेत टाकतो, त्या दिवसाचं सगळंच परत मोजायचं. मग वाद ज्या जागेवर आहे तीच जागा घासायची आणि रीडिंगला वेळ द्यायचा. दोन-तीन सेकंदांत घेतलेल्या रीडिंगवर माल रिजेक्ट करणारे लोक मी बघितलेत, मला ते पटत नाही. वेळ चौपट केला की तो ± साधारण निम्मा होतो, एवढं साधं आहे.

घासण्याचं सांगतो, कारण निम्मे वाद तिथलेच असतात. गन बघते ती फक्त वरचा पातळ थर, मायक्रॉनमध्ये मोजायचा. वर पेंट, झिंक, प्लेटिंग, भट्टीतली काळी पापुद्री काही असलं तर तुम्ही धातू मोजतच नाहीये. वाळूने ब्लास्ट केलेल्या पीसवर सिलिकॉन वाढलेलं दिसतं, झिर्कोनियाच्या डिस्कने घासलं तर झिर्कोनियम दिसायला लागतं आणि मग कोणीतरी विचारतं की हा कुठला नवीन ग्रेड. बारीक वायर किंवा अरुंद वेल्डवर गनची पूर्ण खिडकी झाकली जात नाही, शेजारचा बेस मेटलपण मोजला जातो, आणि वेल्डरला उगाच बोलणी बसतात.

आता दुसरी बाजू पण आहे. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस म्हणून दिलेल्या पाइपमध्ये निकेल ४ आणि मँगनीज ६ च्या आसपास आलं तर तो कमी निकेलवाला २०१ ग्रेडच आहे, कितीही घासा. ३०४ ला निकेल किमान ८ लागतं, एवढा फरक कुठल्या पृष्ठभागाने पडत नाही. वेंडर अशा वेळी हमखास मॅग्नेट लावून दाखवतो, बघा साहेब चिकटत नाही म्हणजे ओरिजिनल. अहो, २०१ पण चिकटत नाही, आणि थंड वाकवलेला चांगला ३०४ थोडा चिकटतो! इथे मी ± वगैरे बोलत नाही, सरळ होल्डचा टॅग लावतो आणि त्याच हीट नंबरचे (भट्टीत एकाच वेळी वितळलेल्या मालाचे) बाकीचे पीस बाहेर काढायला सांगतो.

कार्बनचा वाद मात्र एक्सआरएफवर मिटवायला जाऊच नका. ३१६ की ३१६एल (कमी कार्बनवाला) हे ही गन सांगू शकत नाही, तिला कार्बन दिसतच नाही, स्क्रीनवर एल आला असेल तर तो गनच्या लायब्ररीतल्या, म्हणजे तिच्यात साठवलेल्या ग्रेडच्या यादीतल्या, नावाचा भाग आहे. त्यासाठी स्पार्कवालं ओईएस (ठिणगी पाडून तिच्या प्रकाशावरून घटक मोजणारं मशीन) किंवा कार्बन मोजणारी लेझरची गन, दोन्हीला आरगॉन गॅस लागतो, नाहीतर सरळ लॅब.

आणि लॅबला पाठवायचंच ठरलं तर सॅम्पल काढण्याआधी कागदावर लिहून घ्या: कुठली लॅब, कुठली पद्धत, कुठल्या स्टँडर्डची सूट धरायची, पैसे कोण देणार, आणि जो रिपोर्ट येईल तो दोघांना मान्य. रिझल्ट आल्यावर हे ठरवायला बसलं की हरलेला माणूस दुसरी लॅब काढतो, मग तिसरी, आणि माल तसाच यार्डात पडून. सॅम्पल दोघांच्या समोर कापा, तीन भाग करा, सील करून सह्या घ्या, एक लॅबला आणि एकेक दोघांकडे. कार्बनसाठी ड्रिलचा भुगा देणार असाल तर ड्रिल कोरडंच चालवा, कूलंट किंवा तेल अजिबात नको, तेलातला कार्बन रिपोर्टमध्ये येतो आणि एल ग्रेडची मर्यादा ०.०३ टक्केच आहे.